सात नंबरचं पाकीट

दहाव्याच्या दिवशी सकाळी बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या तळ्याच्या पाळीवर घरचे पुरुष एकामागून एक डोकी भादरून घेत होते, आणि दामिनी त्यांचे केस गोळा करत होती.

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, हीच तर खरी पंचाईत. काही वर्षांपूर्वीपर्यंत ती चिचगडच्या कापगत्यांची साधी पोरगी होती. मग रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, परीक्षा दिली आणि नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून लागली. गुन्ह्याच्या जागी सापडलेला केस, कापडाचा धागा, काचेचा कण, बुटाला चिकटलेली माती, असल्या बारीकसारीक गोष्टींवरून कोण कुठं होतं ते हुडकायचं, हे तिथलं काम. तिच्या बिसेन मॅडमनी शिकाऊ मुलांना सांगून ठेवलं होतं की प्रत्येकानं पंचवीस माणसांचे केस नावानिशी जमवून आणायचे. वसतिगृहातल्या मुलींनी एकेक केस देताना दामिनीचा जीव खाल्ला होता. इथं तर वस्तऱ्याखाली ढीग पडत होता. मुळं नव्हती, पण टोकं होती, आणि काहीच नसण्यापेक्षा ते बरं.

म्हणून तिनं रबरी हातमोजे चढवले. प्रत्येकाच्या ढिगातून चिमट्यानं बट उचलायची, कागदाची पुडी बांधायची, ती पाकिटात घालायची, वर नाव लिहायचं, तोंड डिंकानं चिकटवायचं आणि चिकटवलेल्या रेघेवर आडवी सही ठोकायची. सहा पाकिटं झाली. प्रेमिलाकाकू बोडीवर पाणी न्यायला आली होती. ती घागर काखेत धरून पाहतच राहिली.

"काऊन वं दामिनी, केस कायले जमा करून राहिली?"

"अभ्यासाले लागतात, काकू."

"मानसाच्या केसाचा कोनता अभ्यास रायते?"

"चैतरामकाकांचे बघ ना, अर्धे पिकलेले आहेत. असे माझ्याकडं नव्हतेच," दामिनी कौतुकानं म्हणाली आणि पाकिटावर 'चैतराम' असं ठसठशीत लिहिलं.

चैतराम हा प्रेमिलाकाकूचा नवरा. नवऱ्याचं नाव, नवऱ्याचे केस आणि वर कुणाची तरी आडवी सही, हे एका ठिकाणी पाहून काकूचं तोंड पांढरं पडलं. ती पाणी न भरताच घरी गेली, आणि वाटेत जेवढी घरं लागली तेवढ्यांत थांबत गेली.

गेलेला माणूस म्हणजे दामिनीचे मोठे बाबा, पुनाराम. तिच्या वडलांचे, हिरालालचे थोरले भाऊ. दांडगा माणूस. बोडीच्या पाळीला भगदाड पडलं की स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरायचा. एकच खोड, खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटघोटून गालात धरायचा आणि पन्नी अंगणात फेकायचा. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरनं तोंडात पाहून खर्रा बंद केला, आणि तेव्हापासून मोठी माय, म्हणजे त्यांची बायको जमुनाबाई, रोज त्यांचे खिसे तपासायची. तिच्या उंबऱ्याच्या आत खर्रा आणायची कुणाची छाती नव्हती.

अशा बाईनं त्या दिवशी दुपारी दामिनीला कोपऱ्यात घेतलं.

"पोरी, आज पीठ तूच चाळजो. घरची लेक चाळत असते."

कापगत्यांकडं रीतच होती. दहाव्याला दिवेलागणीच्या वेळी गेलेल्या माणसाच्या खोलीत जमीन सारवायची, तिच्यावर तांदळाचं पीठ चाळून पातळ थर द्यायचा, वर टोपलं पालथं घालायचं, बाजूला दिवा ठेवायचा आणि दार लावून घ्यायचं. सूर्य उगवेपर्यंत आत कुणी जायचं नाही. सकाळी टोपलं उचललं की पिठात काहीतरी उमटलेलं असतं. मुंग्यांची रांग, पालीचं पाऊल, कधी नुसती एक रेघ. काही उमटलं तर माणूस येऊन गेला, घरावर खूश आहे. काही नाही उमटलं तर नाराज गेला.

"मी त्या दिवशी त्याईले लय वाकडं बोलली," मोठी माय म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "तसेच उठून पाळीवर गेले. मंग लोकाईनं उचलूनच आनले. ते येतीन का नाही, एवढंच मले पाहाचं आहे. नाही आले तं मी काय समजू?"

"काय बोललीस?"

"ते त्याईले मालूम आहे."

दामिनीनं तिचा हात हातात घेतला. त्याच वेळी तिच्या डोक्यात, तिला स्वतःलाच लाज वाटावी असा, एक आनंदही उसळला. पिठाच्या थरावर ठसा घ्यायचा. हे तर तिचंच काम. तिच्या खापरपणजोबांना जे कळत होतं ते शिकायला ती नागपूरला गेली होती. आणि हे काम ती बिनचूक करणार होती, कारण गेल्या महिन्यात प्रात्यक्षिकात तिच्या नमुन्यावर एक गुलाबी धागा निघाला होता आणि तो तिच्याच ओढणीचा होता. बिसेन मॅडम रागावल्या नव्हत्या. त्यांनी धागा चिमट्यानं उचलून तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ही तुमची वस्तू."

झालं, दामिनीनं कंबर कसली. डोक्याला टोपी आणि हातात नवे हातमोजे घातले, चाळणी तीनदा धुतली. उंदराचं बीळ कागद कोंबून मातीनं लिंपलं. खिडकीच्या फटीत चिंध्या भरल्या. भिंतीवरच्या पालीला केरसुणीनं बाहेर काढलं आणि उंबऱ्यावर मुंग्यांच्या खडूची जाड रेघ ओढली. मोठी माय टोपलं घेऊन दारात उभी राहून हे सगळं पाहत होती.

"पोरी, मंग ते येतीन कोठून?"

"आता जे उमटंल ते पक्कं असंल, मोठी माय. उंदीर का पाल, असं कोणी म्हणू शकणार नाही."

मोठ्या मायनं मान डोलावली. सरकारी शिक्षण होतं, तिला काय कळणार. तिनं टोपलं ठेवलं, दिवा लावला आणि म्हणाली, "तू जराशीक बाहेर जाय."

ती बाहेर आली तेव्हा डोळे पदराला पुसत होती. आता दार लावायचं तेवढं राहिलं होतं. पण सील करण्याआधी फोटो घ्यायचा हा नियम. दामिनी एकटी आत गेली, टोपलं हलकेच उचललं, आणि तिचं डोकंच फिरलं.

पिठाच्या मधोमध खर्रा पडला होता. गाठ मारलेली पन्नी, चांगला मूठभर ताजा घोटलेला माल. बाबांच्या खिशातून टोपल्यात पडला असणार, नाहीतर भावकीतल्या केवलराम आजोबांच्या. सकाळपासून दोघांचे गाल फुगलेलेच होते. एवढं धुऊनपुसून शेवटी ही घाण. तिनं चिमट्यानं खर्रा उचलला, घसरेल म्हणून दुसरा हात खाली धरला, आणि चुन्या-तंबाखूचा भपकारा नाकात गेला. जागेवर सापडलेली परकी वस्तू फेकायची नसते, हा दुसरा नियम. तिनं सातवं पाकीट काढलं, खर्रा आत घातला, वर नुसतं '७' लिहिलं, चिकटवलं, सही केली. नोंदवहीत ओळ भरली. पीठ पुन्हा चाळून सारखं केलं आणि टोपलं पालथं घातलं.

तेवढ्यात दिव्याची ज्योत तिच्या बाजूला झुकली. खिडकी बुजवलेली, दार लोटलेलं, वारा कुठला नव्हता. कोपऱ्यातली मोठ्या बाबांची खाट एकदा करकरली, माणूस बसताना करकरते तशी. संध्याकाळी लाकूड आवळतं, हे दामिनीला पक्कं माहीत होतं. तरीही तिनं मागं वळून पाहिलं नाही. बाहेर येऊन दाराच्या चारी बाजूंना चिकटपट्टी मारली, पट्टीवर सह्या केल्या. घरचा कुत्रा दारासमोर येऊन बसला आणि बंद दाराकडं टक लावून पाहू लागला. त्याला भाकरी दाखवली तरी हलला नाही.

सकाळी तो तिथंच होता, आणि शेपूट हलवत होता. मोठे बाबा घरी आले की हलवायचा तशी.

ओसरीवर सगळी भावकी जमली होती. केवलराम आजोबा सगळ्यांत वयस्कर, पिठातलं तेच वाचायचे. दामिनीनं पट्ट्या तपासल्या. एकही निघालेली नव्हती, सह्या जिथल्या तिथं. तिनं ब्लेडनं पट्टी कापली. दार उघडलं तसा खर्ऱ्याचा वास बाहेर आला. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

"पुनाराम," केवलराम आजोबा हळूच म्हणाले, आणि आत जाऊन टोपलं उचललं.

पीठ कोरं होतं. मुंगी नाही, पाल नाही, रेघ नाही. इस्त्रीच्या धोतरासारखं पांढरंशुभ्र पीठ.

हिरालालनं मान खाली घातली. केवलराम आजोबांनी दोनदा चष्मा पुसला.

"साठ वर्सं झाले पाहून राहिलो. कोरं पीठ कधी नाही पाह्यलं."

"काही उमटन कसं?" मागून प्रेमिलाकाकूचा आवाज आला. "बीळ बुजवलं, पाल हाकलली, दाराले पट्ट्या मारल्या. जीव बाहेरच उभा राह्यला असन बिचारा."

सगळी मुंडण केलेली डोकी दामिनीकडं वळली. दामिनीला भुई दुभंगावी असं वाटलं. तिला आत्ता कुठं उमगत होतं की तिनं मोठ्या बाबांच्या येण्याच्या सगळ्या वाटा आपल्या हातानं लिंपून टाकल्या होत्या. आणि मोठी माय आता जन्मभर समजणार होती की नवरा रागावून गेला.

पण मोठी माय पुढं आली, पिठाशी गुडघे टेकून बसली आणि पिठात बोटं घालून काहीतरी शोधू लागली. टोपल्याच्या आत पाहिलं, दिव्यामागं पाहिलं. मग वर पाहून ती हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा हसली.

"आले होते," ती म्हणाली.

"कशावरून, जमुना?" केवलराम आजोबांनी विचारलं.

"त्या दिवशी त्याईनं खर्रा मांगला. एकच खातो म्हने. मी म्हटलं, आता मेल्यावरच खाजा." तिला हुंदका आला, पण चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही. "दुपारी गेलेच ना ते. म्हनून काल मी माह्या हातानं खर्रा घोटला आन् टोपल्याखाली ठेवला. म्हटलं, राग गेला असन तं खातीन. पाहा आता. आहे का कोठं खर्रा?"

खर्रा कुठंच नव्हता. खर्रा कुठं आहे हे जगात एकट्या दामिनीलाच माहीत होतं. पलीकडच्या खोलीत तिच्या पिशवीत, सात नंबरच्या पाकिटात, तिच्या सहीखाली.

"बाई," केवलराम आजोबा तिच्याकडं वळून एकदम अदबीनं म्हणाले, "तू सरकारी मानूस आहेस. सांग, रात्री कोनी आत जाऊ शकत होता?"

"पट्ट्या जशाच्या तशा आहेत," ती म्हणाली. "दार बंद झाल्यावर कोणी आत गेलेलं नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणूनच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओसरीवर एकच कुजबुज उठली. बंद खोली, कोरं पीठ, खर्रा गायब, आणि वर सरकारी साक्ष. चहा होईस्तोवर बातमी गावभर झाली आणि लोक खोली पाहायला येऊ लागले. एका बाईनं तर सासऱ्याच्या दहाव्याला पट्ट्या मारायला येशील का, म्हणून दामिनीला विचारलंसुद्धा. हिरालाल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "माही पोरगी आहे. तिनंच सील केलतं." मोठी माय सगळ्यांना स्वतःच्या हातानं चहा देत होती. दामिनी कोपऱ्यात उभी राहून ठरवत होती की दुपारी पाकीट बोडीत नेऊन बुडवायचं.

प्रेमिलाकाकूनं तेवढा वेळ दिला नाही. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"माही एक गोष्ट ऐका. त्या खोलीतून शेवटी बाहेर कोन आली? दामिनी. खर्रा कोनाले दिसला असन? दामिनीले. आन् हिच्या पिशवीत मानसाच्या नावाचे पाकिटं आहेत. माह्या घरच्याचे केस आहेत त्यात. हे मी डोऱ्यानं पाह्यलं. खोटं असन तं पिशवी उघडा."

दामिनीला त्याही स्थितीत वाटलं की ही बाई प्रयोगशाळेत असती तर आपल्या आधी कायम झाली असती.

"पाकिटं फोडता येत नाहीत, काकू. सील आहे," ती कशीबशी म्हणाली. एवढं पुरे झालं. चैतरामकाकांनी नकळत आपल्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवला आणि बाकीच्या पुरुषांनीही.

"आन पोरी पिशवी," मोठी माय शांतपणे म्हणाली. "लपवाचं काय आहे त्यात? दाखवून दे सर्वाईले."

पिशवी आली. केवलराम आजोबा खाटेवर बसले आणि एकेक पाकीट फोडू लागले. केस ज्याचे त्याला परत मिळत होते. चैतरामकाकांची बट प्रेमिलाकाकूनं पदराच्या गाठीत बांधली. तिसरं फुटलं, चौथं फुटलं. दामिनी मोठ्या मायच्या चेहऱ्याकडं पाहत होती. ते हसू आता किती पाकिटांपुरतं उरलंय ते तिला दिसत होतं. पाचवं. सहावं. आता आपणच सांगावं, निदान प्रेमिलाकाकूच्या तोंडून तरी तिला ऐकावं लागू नये, म्हणून ती पुढं झाली.

"मोठी माय, मी तुला एक..."

केवलराम आजोबांनी सातवं पाकीट खालच्या बाजूनं टरकावलं आणि तळहातावर पालथं केलं.

पन्नी पडली. गाठ मारलेली, चपटी, रिकामी.

आजोबांनी ती उजेडात धरली. आत काही नव्हतं. सुपारीचं खांडही नाही. मोठ्या मायनं पन्नी हातात घेतली, गाठ बोटांनी चाचपली.

"माह्या हातची दुहेरी गाठ आहे हे," ती म्हणाली. मग तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना. "बेचाळीस वर्सं सांगत राह्यली मी, खाल्ल्यावर पन्नी आंगनात फेकू नोका. ऐकलं नाही. आता पाहा, पाकिटात घालून ठेवली."

आधी हिरालाल हसला, मग सगळेच. हसता हसता कुणी डोळे पुसले, कुणी हात जोडले. प्रेमिलाकाकूनं पन्नीला लांबूनच नमस्कार केला.

"पन दामिनीच्याच पाकिटात काऊन?" तरी तिनं विचारलंच.

"मंग कोठं ठेवन?" केवलराम आजोबा म्हणाले. "या घरात कचरा सही करून जपून ठेवनारं दुसरं कोन आहे?"

हे सगळ्यांना पटलं.

एकच माणूस हसत नव्हता. दुपारी माणसं पांगल्यावर दामिनी मोठ्या बाबांच्या खोलीत त्यांच्या खाटेवर बसली आणि तिनं भिंग काढलं. पाकिटाच्या तोंडाचा डिंक धरलेला होता. कागदाचा एक तंतूही उचकटलेला नव्हता. तिची सही जोडावरून सलग गेलेली होती, एक टोक इकडं, एक टोक तिकडं. फाटलं होतं ते खालून, केवलराम आजोबांनी फाडलं तिथंच. पन्नीची गाठ घट्ट होती. पन्नीला भोक नव्हतं. आत एका कोपऱ्यात चुन्याचा मोहरीएवढा कण चिकटला होता. आणि काल तळहाताला जाणवलेलं त्या मूठभर मालाचं वजन तिला अजून आठवत होतं. कालचे हातमोजे तिनं हुंगले, त्यांना अजूनही वास येत होता.

तिनं नोंदवही उघडली. सात नंबरच्या ओळीत तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'खर्रा, मूठभर, गाठ मारलेला.' पुढच्या रकान्यात, 'कोणाकडून: दामिनी कापगते.' त्याच्या पुढचा, 'कोणाकडे सोपवले', हा रकाना कोरा होता. बिसेन मॅडमचं त्यावर एकच म्हणणं होतं. वस्तू हवेत विरत नाही, कुणीतरी घेतलेली असते, आणि ज्यानं घेतली त्याचं नाव लिहिल्याशिवाय वही बंद करायची नाही.

बाहेरून मोठ्या मायची हाक आली. "पोरी, चहा ठेवला आहे वं." दहा दिवस त्या आवाजात जीव नव्हता. आता तो होता.

दामिनीनं पेन उचललं आणि रकान्यात लिहिलं, 'पुनाराम कापगते.' अक्षर चांगलं आलं. शेवटचा रकाना घेणाऱ्याच्या सहीचा होता. तिनं थोडा वेळ विचार केला. मग वही खाटेवर उशाशी उघडी ठेवली, तिच्यावर पेन ठेवलं आणि ती उठली.

जाताना तिनं खिडकीतल्या चिंध्या काढल्या, उंदराचं बीळ मोकळं केलं, आणि दार थोडं उघडंच ठेवून चहा प्यायला गेली.